जुन्या नाणे-विक्रीयंत्रांचे मोल : मूल्यमापन व विक्रय यांचा ऐतिहासिक विचार

१. विषयाची मर्यादा

फटीतून नाणे टाकले असता ठराविक जिन्नस ठराविक मापाने बाहेर देणारे जे यंत्र, त्यास प्रस्तुत लेखात 'नाणे-विक्रीयंत्र' अशी संज्ञा योजिली आहे. अशी यंत्रे इंग्लंड, जर्मनी व अमेरिकेची संयुक्त संस्थाने या देशांत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सार्वत्रिक झाली. एके काळी एका सेंटास ओंजळभर शेंगदाणे किंवा च्युइंगगमची एक गोळी देणारे हे यंत्र आज स्वतःच विक्रीची वस्तू झाले आहे, आणि त्याची किंमत ठरविणारे जाणकार, त्याचे लिलाव करणाऱ्या पेढ्या व त्याचे संग्राहक असा एक स्वतंत्र बाजार त्याच्याभोवती उभा राहिला आहे. या बाजाराचा विचार इतिहासाच्या अभ्यासकाने का करावा, असा प्रश्न कोणी विचारील. त्याचे उत्तर असे की, या यंत्रांची किंमत ठरविणे ही वस्तुतः साधनपरीक्षा आहे. तिच्यात चूक झाली तर केवळ ग्राहकाच्या खिशाला चाट बसते असे नव्हे. इतिहासाचे एक साधन कायमचे नष्ट होऊ शकते.

प्रारंभीच काही शब्दांचा अर्थ निश्चित करून घेणे इष्ट आहे. 'मूल्य' हा संस्कृत शब्द आणि प्राकृत 'मोल्ल' या रूपातून आलेला 'मोल' हे मुळात एकच होत. 'किंमत' हा अरबी शब्द फारसीच्या द्वारे आपल्याकडे आला. 'भाव' हा तिसरा. व्यवहारात हे शब्द एकमेकांच्या जागी येतात हे खरे. तथापि 'मोलाचा सल्ला' या प्रयोगात 'किंमत' बसत नाही, आणि 'आजचा भाव' या प्रयोगात 'मोल' बसत नाही. भाव हा एका जातीच्या मालाचा, एका दिवसाचा व एका बाजारपेठेचा असतो. किंमत ही एका विशिष्ट वस्तूबद्दल प्रत्यक्ष दिली-घेतलेली रक्कम होय. आणि मोल म्हणजे त्या वस्तूची योग्यता, मग ती कोणी विकत घेवो वा न घेवो. पुढील विवेचनात हा भेद कटाक्षाने पाळला आहे. कारण जुन्या यंत्रांच्या व्यवहारातील बहुतेक घोटाळे हा भेद विसरल्यामुळेच होतात.

२. पूर्वपीठिका

नाणे टाकून वस्तू मिळविण्याची कल्पना प्राचीन आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात अलेक्झांड्रिया येथील हेरॉन याने वायुयंत्रांवरील आपल्या ग्रंथात देवळासाठी एका पात्राचे वर्णन केले आहे. पाच द्राक्मांचे नाणे आत पडले की ते तरफेच्या एका टोकावरील तबकडीवर बसे. तिच्या भाराने झडप उघडून पवित्र जल वाहू लागे. आणि तबकडी कलून नाणे घसरून पडले की झडप पुन्हा मिटे. नाण्याचे वजन हेच येथे मापही आहे व पुरावाही आहे. पुढील यंत्रांनी या तत्त्वात फारशी भर घातली नाही. भर पडली ती नाण्याची पारख करण्याच्या युक्तीत.

यानंतर इंग्लंडमधील मद्यगृहांत पितळी तंबाखूपेटी दिसते. अर्धा पेनी टाकला की तिचे झाकण उघडे. मात्र ग्राहकाने किती तंबाखू घ्यावी यावर पेटीचा काहीही ताबा नव्हता. झाकण उघडण्याचे काम यंत्राचे आणि मापाची जबाबदारी माणसाच्या सचोटीवर, अशी ही मधली अवस्था होय. १८२२ मध्ये लंडनमधील प्रकाशक रिचर्ड कार्लाइल याने सरकारने आक्षेपार्ह ठरविलेली पुस्तके विकण्यासाठी एक यंत्र उभारले. ग्राहकाने तबकडीवरील काटा हव्या त्या पुस्तकाकडे वळवावा, पैसे टाकावे आणि पुस्तक खाली पडावे, अशी त्याची रचना होती. विक्रेता दिसलाच नाही तर खटला कोणावर भरणार, हा त्यामागील युक्तिवाद. न्यायालयाने तो मानला नाही व दुकानातील नोकरास शिक्षा झाली. यंत्रामागे माणूस असतोच, हा न्यायालयाचा निष्कर्ष आपल्या विषयालाही लागू आहे.

१८५७ मध्ये सिमियन डेनहॅम याने टपालाची तिकिटे देणाऱ्या यंत्राचे इंग्लंडमध्ये एकस्व घेतले. १८८३ मध्ये पर्सिव्हल एव्हरिट याचे पोस्टकार्डे विकणारे यंत्र लंडनमध्ये आले, आणि तेथून या धंद्याला खरा वेग आला. १८८८ मध्ये टॉमस ॲडम्स यांच्या कंपनीने न्यूयॉर्कच्या उन्नत रेल्वेच्या फलाटांवर च्युइंगगमची यंत्रे बसविली. जर्मनीत कोलोनच्या श्टोल्व्हेर्क या चॉकलेट-कारखान्याचा माल १८९३ च्या सुमारास १५,००० यंत्रांतून विकला जात होता. फिलाडेल्फियात १९०२ मध्ये हॉर्न व हार्डार्ट यांनी बर्लिनहून यंत्रसामग्री आणून नाणे टाकून जेवणाचे पदार्थ घेण्याचे उपाहारगृह काढले. या परंपरेतील न्यूयॉर्कचे अखेरचे उपाहारगृह १९९१ मध्ये बंद झाले. आज संग्राहकांच्या हाती जी यंत्रे येतात त्यांतील बहुसंख्य १८९० ते १९६० या सत्तर वर्षांतील, आणि त्यांतही अमेरिकेतील च्युइंगगम व शेंगदाणे देणारी आहेत. म्हणून पुढील विवेचन मुख्यतः त्यांनाच धरून केले आहे.

३. कालनिश्चयाची साधने

मूल्यमापनाचा पहिला प्रश्न 'हे यंत्र कोणाचे व केव्हाचे' हा होय. त्याला तीन प्रकारचे पुरावे उपयोगी पडतात.

पहिला पुरावा अक्षरांचा. ओतकामातच उठविलेले कारखानदाराचे नाव, गावाचे नाव व एकस्वाची तारीख यंत्राच्या अंगावर पुष्कळदा आढळते. येथे नवशिका हमखास फसतो. एकस्वाची तारीख ही यंत्र तयार झाल्याची तारीख नव्हे. ती केवळ पूर्वमर्यादा सांगते. एकाच साच्यातून पुढे वर्षानुवर्षे ओतकाम होत राही आणि तारीख तीच राही. शिलालेखात उल्लेखिलेल्या राजाचा काळ हाच शिलालेख कोरल्याचा काळ असे आपण डोळे मिटून मानीत नाही. तोच विवेक येथे हवा.

दुसरा पुरावा द्रव्याचा. ढोबळ मानाने पाहता, सर्वांत जुनी यंत्रे लाकडी पेटीची किंवा बिडाची असतात. शिकागोच्या झीनो कंपनीची यंत्रे प्रथम ओकच्या लाकडाची व नंतर पिवळ्या एनॅमलचा मुलामा दिलेल्या पत्र्याची होती, आणि त्यांची अंतर्गत रचना घड्याळाप्रमाणे किल्ली देऊन चालणारी होती. रॉचेस्टरच्या पल्व्हर कंपनीने १८९७ पासून काचेआड हालणाऱ्या बाहुल्या बसविल्या. नाणे पडले की बाहुली वळे आणि लहान मुले त्यासाठीच पैसा टाकीत. ओहायोतील कोलंबस येथील कंपन्यांनी गोल काचेच्या घुमटाची शेंगदाणा-यंत्रे लोकप्रिय केली. इलिनॉयमधील मॉरिस येथील नॉर्थवेस्टर्न कंपनीचे 'तेहतीस' या क्रमांकाचे एनॅमल-यंत्र १९३३ चे. त्यानंतर ॲल्युमिनियमचे ओतकाम, क्रोमचा मुलामा व दुसऱ्या महायुद्धानंतर प्लास्टिकचा घुमट असा क्रम लागतो. अर्थात काचेचा घुमट फुटल्यावर प्लास्टिकचा बसविलेला असू शकतो; म्हणून एकट्या द्रव्यावरून निर्णय देणे सुरक्षित नाही.

तिसरा व माझ्या मते सर्वांत बोलका पुरावा नाण्याचा. यंत्राची फट, तीमागील चाचणीची खाच आणि लोहचुंबक यांची रचना त्या काळच्या नाण्याला धरून असते. १९४३ मध्ये तांब्याच्या युद्धकालीन टंचाईमुळे अमेरिकेने जस्ताचा मुलामा दिलेले पोलादी सेंट काढले. खोट्या लोखंडी चकत्या पकडण्यासाठी यंत्रांत बसविलेल्या लोहचुंबकांनी हे खरे नाणेच खोटे ठरविले. कोका-कोलाच्या एका पेल्याचा वा लहान बाटलीचा भाव १८८६ पासून १९५० नंतरच्या दशकापर्यंत पाच सेंटच राहिला. त्याच्या अनेक कारणांपैकी एक हे की, तेव्हाची यंत्रे पाच सेंटांचे एकच नाणे घेऊ शकत. म्हणून पाच सेंटांची मूळ यंत्रणा काढून दहा सेंटांची बसविलेले यंत्र दिसले तर ते 'बिघडलेले' नव्हे. भाववाढीचा तो एक लेख आहे. ब्रिटनमध्ये १५ फेब्रुवारी १९७१ रोजी दशमान चलन आले आणि जुन्या पेनीवर चालणारी यंत्रे हळूहळू मुकी झाली. अमेरिकेत १२ नोव्हेंबर २०२५ रोजी चलनासाठीचा अखेरचा सेंट पाडण्यात आला. ज्या नाण्यासाठी ही बहुतेक यंत्रे घडविली गेली तेही आता यंत्रांच्या मागोमाग संग्रहात चालले आहे.

४. मूळ संहिता आणि प्रक्षेप

यंत्र ओळखले गेले की दुसरा प्रश्न येतो तो त्याच्या अखंडतेचा. घुमट, कुलूप व त्याची मूळ किल्ली, नाण्याची यंत्रणा, जिन्नस मोजणारे दातेरी चाक, मागचे दार, माथ्यावरील नामफलक व अंगावर चिकटविलेले छापील चित्र यांपैकी काय मूळ आहे व काय मागाहून आले, याची यादी केल्याखेरीज किंमत सांगणे म्हणजे अंधारात दगड मारणे होय. दोन मोडक्या यंत्रांचे भाग जुळवून एक केलेले यंत्र बाजारात पुष्कळ दिसते. इंग्रजी भाषिक व्यापारी अशा वस्तूला 'लग्न लावलेली' म्हणतात. लग्न उघड असेल तर आक्षेप नाही. चोरून लावलेले असेल तर ती फसवणूक होय.

पाठचिकित्सेशी परिचित असलेल्या वाचकांस येथील साम्य सहज जाणवेल. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ मध्ये आरंभून १९६६ मध्ये पूर्ण केलेल्या महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीत संपादकांनी प्रक्षिप्त भाग मूळ संहितेतून वेगळा केला. पण तो फेकून दिला नाही. तो तळटीपांत व परिशिष्टांत जपून ठेवला, कारण प्रक्षेप हाही त्या त्या काळाचा पुरावाच असतो. यंत्राच्या बाबतीतही हाच न्याय असावा. झिजलेले चाक बदलणे प्राप्त असेल तर बदलावे. मात्र जुने चाक पिशवीत घालून यंत्राबरोबर ठेवावे व काय बदलले त्याची नोंद करावी. ही पिशवी म्हणजे त्या यंत्राचे परिशिष्ट.

खेदाची गोष्ट अशी की, प्रत्यक्षात याच्या नेमके उलट घडत आले आहे. वाळूच्या फवाऱ्याने जुना रंग खरवडून काढावा, चकचकीत लाल रंग द्यावा, नवे छापील चित्र चिकटवावे आणि 'नव्यासारखे' म्हणून विकावे, ही रीत फार वर्षे चालली. या एका फवाऱ्याने काय जाते याचा विचार करावा. ही यंत्रे दुकानदाराच्या मालकीची क्वचितच असत. ती ठिकठिकाणी मांडून, फेरीने त्यांत माल भरून नाणी गोळा करणारा एक वेगळा व्यावसायिक असे. त्याने रंगविलेला फेरीचा क्रमांक, बदललेल्या भावाची पट्टी, मिळकतीतला वाटा ज्या धर्मादाय मंडळाला जाई त्याचे नाव, मुठीभोवती हजारो हातांनी झिजलेला रंग, या खुणा पुष्कळदा त्या फेरीवाल्याच्या धंद्याचा एकमेव उरलेला लेख असतात. अशा सामान्य माणसांच्या चोपड्या कोणी जपून ठेविल्या नाहीत. त्यांचे दफ्तर यंत्राच्या अंगावरच होते, आणि ते आपण खरवडून टाकतो.

५. किमतीची घटकतत्त्वे

आता प्रत्यक्ष किमतीकडे वळू. चार गोष्टी तिला कारण होतात : दुर्मिळता, मागणी, अवस्था व पूर्वेतिहास. यांत दुर्मिळतेला सर्वसामान्य विक्रेता अवास्तव महत्त्व देतो. एखादे यंत्र एकच उरले असेल, पण त्याला पाहून कोणाचे मन हालत नसेल, तर ते दुर्मिळ असूनही स्वस्तच राहते. उलट पल्व्हरची बाहुलीची यंत्रे अनेक उरली असूनही त्यांस मागणी टिकून आहे, कारण त्यांत खेळ आहे. युद्धोत्तर काळातील सामान्य गोळीयंत्र अमेरिकेत शंभर डॉलरांच्या आतबाहेर मिळते. तर १९०० च्या आसपासचे, मूळ रंगाचे, पूर्ण व चालू स्थितीतील बिडाचे यंत्र कित्येक हजार डॉलरांस जाऊ शकते. दोहोंतील अंतर वयाने भरून निघत नाही. ते वरील चार घटकांच्या एकत्र येण्याने पडते.

अवस्थेच्या बाबतीत एक अपवाद नोंदविणे न्याय्य होईल. १९५० नंतरच्या दशकातील शीतपेय-यंत्रे, उदाहरणार्थ कॅन्सस सिटीच्या व्हेंडो कंपनीची 'चव्वेचाळीस' व 'एक्क्याऐंशी' या क्रमांकांची, घराच्या दिवाणखान्यात मांडण्यासाठी घेतली जातात. ग्राहकास थंड बाटली व झळझळीत लाल रंग हवा असतो, म्हणून पूर्ण नूतनीकरण केलेल्या यंत्रास तेथे अधिक किंमत येते. तरीही नूतनीकरणाचा खर्च किमतीहून अधिक होण्याचा धोका राहतोच. जुन्या बिडाच्या किंवा एनॅमलच्या यंत्रांबाबत मात्र जाणकार बाजार आता मूळ रंगासच अधिक पैसे देतो. टवके उडालेला मूळ एनॅमल हा निर्दोष पुनर्रंगापेक्षा श्रेष्ठ ठरतो. बाजाराची रुची आणि इतिहासाची गरज या ठिकाणी एकत्र आल्या आहेत, ही समाधानाची गोष्ट होय. या बदलाचे श्रेय बव्हंशी संग्राहकांच्या स्वतःच्या अभ्यासाला आहे. बिल ईन्स यांचा 'सायलेंट सेल्समेन' हा १९८७ चा कोशवजा ग्रंथ हे त्याचे ठळक उदाहरण.

ज्या मानाने किंमत वाढली त्या मानाने बनावटही वाढली. नव्याने ओतलेले बिडाचे भाग, नवे घुमट व नवी छापील चित्रे दुरुस्तीसाठी म्हणून उघडपणे मिळतात. ती पुढे तिसऱ्या हाती गेल्यावर 'मूळ' म्हणून मिरवतात. नव्या ओतकामाचा पृष्ठभाग बहुधा खडबडीत असतो, अक्षरांच्या कडा बोथट असतात, आणि मुळावरून साचा घेतलेला असल्यास धातू थंड होताना आकसल्यामुळे भाग किंचित लहान भरतो. झीज कोठे आहे हेही पाहावे. हात जेथे लागतो तेथे झीज हवी. जेथे हात पोचत नाही तेथे ती असेल तर ती कानसेने केलेली समजावी.

६. विक्रयाची रीत व विक्रेत्याचा धर्म

किंमत विचारणाऱ्याने आधी 'कशासाठी' हे सांगितले पाहिजे. विम्यासाठी लागणारी किंमत ही तसेच दुसरे यंत्र पेढीवरून आणावयास जो खर्च येईल तो. वारसा-वाटपासाठी वा करासाठी लागणारी किंमत ही घाई व सक्ती नसलेल्या, वस्तूची माहिती असलेल्या दोन व्यक्तींमध्ये जी ठरेल ती. आणि व्यापारी रोख देईल ती किंमत या दोहोंहून पुष्कळ कमी, कारण त्याला माल अडकवून ठेवावयाचा असतो. या तिन्ही किमती खऱ्या आहेत. खोटी असते ती त्यांची सरमिसळ. तसेच मागितलेली किंमत हा पुरावा नव्हे. प्रत्यक्ष मिळालेली किंमत हाच पुरावा. लिलावात पुकारलेल्या अखेरच्या बोलीवर ग्राहकाकडून अधिभार घेतला जातो व विक्रेत्याकडूनही दलाली कापली जाते. म्हणून ग्राहकाने दिलेली, पुकारलेली व विक्रेत्याच्या हाती पडलेली अशा तीन रकमा वेगळ्या निघतात. तुलनेसाठी कोणती घेतली ते स्पष्ट करावे.

मूल्यमापकाविषयी दोन नियम सर्वमान्य आहेत. आपण ज्या वस्तूची किंमत सांगितली ती आपणच विकत घेऊ नये, आणि आपले शुल्क सांगितलेल्या किमतीच्या टक्केवारीने घेऊ नये. कारण पहिल्याने किंमत उतरविण्याचा आणि दुसऱ्याने ती चढविण्याचा मोह होतो.

विक्रेत्याने वर्णन लिहिताना मूळ काय, बदललेले काय आणि अनिश्चित काय, असे तीन रकाने करावे. मागील बाजू, तळ व अंतर्भाग यांची छायाचित्रे द्यावीत. नाणे टाकून यंत्र चालते की नाही ते सांगावे. पाठविताना काचेचा घुमट उतरवून वेगळा बांधावा आणि किल्ली कुलूपबंद यंत्राच्या पोटात ठेवू नये. कायद्याचा प्रश्नही विसरून चालणार नाही. अमेरिकेत काही जुगारयंत्रे कायद्याच्या डोळ्यांत धूळ फेकण्यासाठी खेळाबरोबर च्युइंगगमही देत व विक्रीयंत्र असल्याचा बहाणा करीत. जुगारयंत्रांच्या आंतरराज्य वाहतुकीवर १९५१ च्या संघीय कायद्याने बंधने घातली, आणि जुनी यंत्रे बाळगण्याविषयीचे नियम राज्याराज्यांत भिन्न आहेत. तेव्हा यंत्राचे नुसते नाव वाचून भागत नाही. ते काय करते हे पाहावे लागते.

७. आपल्या देशाच्या संदर्भात

या विचाराचा आपल्याशी संबंध एवढाच नाही की तो मनोरंजक आहे. मुंबईच्या व इतर रेल्वे स्थानकांवरील नाण्यावर चालणारे वजनकाटे ज्यांनी पाहिले आहेत त्यांस वजन व भविष्य छापलेले ते जाड तिकीट आठवत असेल. हे काटे आता क्वचितच दिसतात. १ एप्रिल १९५७ रोजी आपल्याकडे दशमान नाणी आली. नाण्याच्या फटीवरून कालनिश्चय करण्याची वरील पद्धती येथेही लागू पडेल. पुराणवस्तू व कलानिधी यांविषयीचा १९७२ चा केंद्रीय कायदा शंभर वर्षांची मर्यादा घालतो. हस्तलिखितांना ती पंचाहत्तर वर्षांची आहे. म्हणजे व्यापारी ज्यास बिनदिक्कत 'अँटिक' म्हणतो असे १९५० चे यंत्र कायद्याच्या दृष्टीने अद्याप पुराणवस्तू नव्हे, व त्यास त्या कायद्याचे संरक्षणही नाही. नेमक्या याच मधल्या वयात वस्तू भंगारात जातात. 'जुनाट' आणि 'पुरातन' या दोन शब्दांमधील अंतर मराठी माणूस जाणतो. पहिल्यातून वस्तू सुखरूप पार पडली तरच ती दुसऱ्यास पोचते.

८. निष्कर्ष

मोल, किंमत व भाव यांचा भेद पाळून केलेले मूल्यमापन हे वस्तूचे चिकित्सित संपादनच होय. त्याची साधने लेख, द्रव्य व नाणे ही आहेत. त्याचा मुख्य शत्रू अनोंदित दुरुस्ती हा आहे. ज्या यंत्राने विक्रेत्याला व्यवहारातून वगळले, त्या यंत्राच्या विक्रीत मात्र सर्व भार विक्रेत्याच्या सचोटीवर येऊन पडतो, कारण खरे-खोटे पारखणारा लोहचुंबक येथे कोणी बसविलेला नाही. विद्यापीठांतील वस्तुसंग्रहांनी व अभ्यासकांनी अशा यंत्रांच्या नोंदी, ती रंगविली जाण्यापूर्वी, करून ठेवाव्यात. यंत्र कोणाच्या घरी जावे हे बाजार ठरवील. परंतु त्याच्या अंगावर काय लिहिलेले होते हे ठरविण्याचा अधिकार बाजाराकडे सोपविता येणार नाही.